कॅमेरा सगळ्यात शेवटी

मालेगाव यंत्रमागांचं गाव. तिथल्या शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला. नासिर व्हिडिओ पार्लर चालवायचे; सिनेमा शिकले ते पडद्यावर बघून, आणि संकलन शिकले ते व्हीसीआरची बटणं दाबून. चालत्या पात्राबरोबर कॅमेरा न्यायचा असला की त्यांच्याकडे कॅमेरामन सायकलवर बसे, आणि कॅमेरा उंच चढवायचा असला की बैलगाडीची क्रेन होई. फैजा अहमद खान यांनी २००८मध्ये 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि मालेगावची ही सायकल जगभरच्या महोत्सवांतून फिरून आली.

प्रेक्षक ती सायकल पाहून हसतात. कमी पैशात सिनेमा करू बघणाऱ्यानं हसून झाल्यावर आणखी एक गोष्ट पाहावी. नासिर यांचा कॅमेरा साधा व्हिडिओ कॅमेरा होता. पण गावातला कोण काय करू शकतो, कुठली जागा फुकट मिळते आणि आपल्या प्रेक्षकाला कशावर हसू फुटतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एरवी चार मित्र लघुपट करायचं ठरवून चहाला बसले की पहिला प्रश्न निघतो तो 'कॅमेरा कुठला?' हा. पटकथा नंतर होते, तालमीला वेळ उरत नाही आणि आवाजाचं 'बघू' असतं. मग पन्नास-साठ हजारांचा कॅमेरा येतो आणि त्यातून बाहेर पडतो तो खोलीत घुमणारा संवाद आणि ट्यूबलाइटखाली पांढराफटक पडलेला चेहरा.

हा क्रम उलटा करावा.

एक ढोबळ हिशेब मांडून बघू. दहा मिनिटांचा लघुपट, तीन दिवसांचं चित्रीकरण, नट-तंत्रज्ञ मिळून आठ माणसं आणि हातात पंचवीस हजार रुपये. आठ जणांचं तीन दिवसांचं जेवण, नाश्ता, चहा यांना पाच हजार. पेट्रोल, रिक्षा, सामानाचा टेम्पो यांना चार. आवाजाला सहा, प्रकाशाला तीन, फुटेज ठेवायच्या हार्ड डिस्कला पाच. उरलेले दोन हजार ऐनवेळच्या भानगडींसाठी, आणि त्या उपटतातच. कॅमेऱ्यापुढे शून्य, कारण तो आठांपैकी कुणाच्या तरी खिशात आहेच. भाव गावागणिक बदलतील, प्रमाण फार बदलू देऊ नये. जेवणावर तर अजिबात काटछाट करू नये. फुकट काम करणारा माणूस दुसऱ्या दिवशी वेळेवर येतो, त्यात पहिल्या दिवशीच्या जेवणाचा वाटा मोठा असतो. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी दादासाहेब फाळक्यांच्या घरी युनिटचा स्वयंपाक त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सांभाळायच्या. भारतीय सिनेमाचं निर्मिती खातं असं चुलीपाशी सुरू झालं.

स्वस्त सिनेमाची सगळ्यात गाजलेली गोष्ट मेक्सिकोच्या सीमेवरची. रॉबर्ट रॉड्रिगेझ या टेक्सासच्या तरुणानं औषधांच्या चाचण्यांसाठी स्वतःचं शरीर भाड्यानं देऊन पैसे उभे केले आणि सुमारे सात हजार डॉलरांत 'एल मारियाची' केला. १९९२चा हा चित्रपट. पटकथा लिहिण्याआधी त्यानं यादी केली ती आपल्याला फुकट काय मिळू शकतं याची. मित्राच्या गावातले बार, एक बस, एक रँच, एक कासव, एक कुत्रा, गिटारची पेटी. मग या वस्तूंभोवती गोष्ट रचली. उसन्या १६ मिमी कॅमेऱ्याला ट्रॉली नव्हती, तर चाकांच्या खुर्चीत बसून शॉट घेतले. तो कॅमेरा चालताना खडखडायचा, म्हणून प्रत्येक टेक झाला की कॅमेरा बंद करून नटांकडून तेच संवाद पुन्हा बोलून घेतले आणि वेगळे ध्वनिमुद्रित केले. पुढे ओठ आणि शब्द जिथे जुळेनात तिथे त्यानं पटकन दुसऱ्या दृश्यावर उडी मारली. समीक्षकांना भावलेली त्या चित्रपटाची चपळ लय निम्मी अशा अडचणीतून आलेली आहे.

ही यादी प्रत्येकानं करावी. मामाचं गुऱ्हाळ, बहिणीच्या शाळेतला रविवारचा रिकामा वर्ग, चाळीचा जिना, ओळखीच्या माणसाचं बंद पडलेलं थिएटर, एसटीतून निवृत्त झालेले काका आणि त्यांचा गणवेश. पटकथेत पाऊस, रात्रीचा महामार्ग, लग्नाची वरात आणि लहान मूल असं एकाच वेळी असेल, तर ती पटकथा दुसऱ्या कुणाच्या तरी बजेटसाठी लिहिली गेली आहे.

मात्र या दंतकथा थोड्या चाळून घ्याव्यात. 'एल मारियाची' कोलंबिया पिक्चर्सनं विकत घेतला. प्रेक्षकांनी थिएटरात पाहिली ती प्रत ३५ मिमीवर नेलेली होती, तिचा आवाज नव्यानं बांधलेला होता, आणि त्यावर मूळ खर्चाच्या कैकपट पैसा ओतला गेला होता. सात हजारांत चित्रपट झाला हे खरं. पडद्यावर दिसलं-ऐकू आलं ते सगळं सात हजारांचं नव्हतं.

पैशांऐवजी काय घालायचं, याचं उत्तर क्रिस्टोफर नोलनच्या 'फॉलोइंग'मध्ये सापडतं. १९९८चा हा कृष्णधवल चित्रपट काही हजार पौंडांत झाला. सगळेच नोकरदार, त्यामुळे चित्रीकरण जवळजवळ वर्षभर शनिवारी-शनिवारी चालायचं. सगळ्यात महाग होती ती फिल्म. म्हणून प्रसंग आधी नाटकासारखे बसवून घेतले जात आणि एकदोन टेकमध्ये काम उरके. आता फिल्म गेली, मेमरी कार्ड आलं, आणि टेकला मोल नाही असं वाटू लागलं. पण कार्ड फुकट असलं तरी तीन दिवसांतला उजेड फुकट नाही, आणि शेजाऱ्यांचा संयमही नाही.

इथे मराठी माणसाच्या हाती एक जमेची बाजू आहे: तालीम. पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांतून तयार झालेली कितीतरी मुलं महिनाभर रोज संध्याकाळी एका खोलीत घाम गाळायला तयार असतात. त्यांच्याकडून प्रसंग सलग बसवून घ्यावा आणि तालमीतच फोनवर काढून बघावा. दोन गोष्टी लगेच कळतात. संवाद कुठे जास्त झाला आहे ते, आणि रंगमंचावरचा आवाज कुठे खाली आणायला हवा ते. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय लागलेल्या नटाला, कॅमेरा दोन हातांवर आहे, हे पटायला चारपाच तालमी जातात. चित्रीकरणाच्या सकाळी ते पटवत बसण्याइतकं महाग काम दुसरं नाही.

आता आवाज. हा लेखाचा मोठा भाग आहे आणि तो तसाच हवा.

शॉन बेकरचा 'टँजरिन' २०१५ साली आला आणि 'फोनवर काढलेला सिनेमा' म्हणून गाजला. तीन आयफोन ५एस, पडदा रुंद करणारं एक जोडभिंग आणि फोन हलू न देणारा एक दांडा, एवढ्यावर त्याचं चित्रण झालं. या गोष्टीतला एक तुकडा सांगताना नेहमी गळतो: संवाद फोनवर ध्वनिमुद्रित झालेच नव्हते. त्यासाठी ध्वनिमुद्रक होता, व्यावसायिक माइक होते. आसामच्या रीमा दास यांचा 'व्हिलेज रॉकस्टार्स' असाच. लेखन, दिग्दर्शन, छायांकन, संकलन सगळं त्यांनी एकटीनं केलं. नैसर्गिक उजेड, गावातली मुलं, हातातला कॅमेरा. २०१८मध्ये या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि सोबत प्रत्यक्ष स्थळी केलेल्या ध्वनिमुद्रणाचाही. तो घेणाऱ्या मल्लिका दास या दिग्दर्शिकेच्याच नात्यातल्या. म्हणजे घरचं माणूस माइक धरू शकतं. फक्त एका माणसाकडे तेवढंच काम असायला हवं.

प्रेक्षक थरथरता, दाणेदार, थोडा काळपट शॉट चालवून घेतो. गोष्ट रंगली तर त्याला तो खरासुद्धा वाटतो. पण 'काय म्हणाला?' असं शेजाऱ्याला दोनदा विचारावं लागलं की तो सुटला.

आवाजाचा पहिला नियम अंतराचा. माइकची किंमत दुप्पट करण्यापेक्षा माइक आणि तोंड यांतलं अंतर निम्मं करणं जास्त गुणकारी असतं. सहा फुटांवरचा फोन माणसापेक्षा खोलीच जास्त ऐकतो. म्हणून पहिली खरेदी कॉलर माइकची. वायरवाला साधा कॉलर माइक हजाराच्या आसपास येतो. घेताना त्याची पिन फोनला बसते ना, की टाइप-सी लागते, तेवढं बघावं. तो नटाच्या हनुवटीखाली वीतभर अंतरावर, कपड्याच्या आत, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या मायक्रोपोर टेपनं चिकटवावा आणि वायर नटाच्याच खिशातल्या दुसऱ्या फोनला जोडावी. तो फोन एअरप्लेन मोडवर, रेकॉर्डिंग चालू. झालं स्वतंत्र ध्वनिमुद्रण यंत्र. दोन पात्रं असतील तर दोन माइक, दोन फोन. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक जोरदार टाळी वाजवावी. नंतर चित्रातले हात मिळाल्याची फ्रेम आणि आवाजातला ठोका एकमेकांवर बसवला की काम होतं. रेशमी साडी, कडक खळीचा झब्बा आणि सिंथेटिक जाकीट घासून आवाज करतात. सुती कपडा बरा. बांगड्या आणि मंगळसूत्र यांचा आधी कानानं अंदाज घ्यावा. पात्राला मंगळसूत्र हवंच असेल तर माइक पदराच्या घडीत, जरा बाजूला.

छोटा शॉटगन माइक भाड्यानं मिळाला तर तो कॅमेऱ्यावर बसवू नये. रंगाऱ्याची लांब होणारी काठी घ्यावी, टोकाला माइक रबरबँडांच्या झोळीत अडकवावा आणि फ्रेमच्या बरोब्बर वरून, तोंडाच्या रोखानं धरावा. उघड्यावर त्याला केसाळ टोपरं हवंच, नाहीतर वाऱ्याची फडफड संवाद खाऊन टाकते. लहान, रिकाम्या, फरशीच्या खोलीत शॉटगन घुमतो. तिथे कॉलर माइक बरा. घुमणं कमी करायला महागडे फोम लागत नाहीत. कॅमेऱ्यामागच्या भिंतीवर आणि जमिनीवर गोधड्या, रजया, सतरंज्या टाकाव्यात. आजीच्या जड गोधडीइतकं चांगलं ध्वनिशोषक पंचवीस हजारांच्या बजेटात मिळत नाही.

लोकेशन बघायला जाताना डोळ्यांइतकेच कानही घेऊन जावेत. ज्या वेळी चित्रीकरण करायचं त्याच वेळी जावं आणि दहा मिनिटं डोळे मिटून बसावं. सकाळी अकराला शांत वाटलेली गल्ली संध्याकाळी सहाला पाणी सोडणाऱ्या मोटारीची, कुकरच्या शिट्ट्यांची आणि क्लासला निघालेल्या पोरांची होते. चित्रीकरणात पंखा, फ्रीज, इन्व्हर्टर बंद. फ्रीज नंतर चालू करायचा राहून जातो आणि यजमानांचं दूध नासतं. म्हणून तंत्रज्ञांची एक जुनी युक्ती आहे. स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायची. ती घेतल्याशिवाय कुणी घरी जात नाही.

प्रत्येक जागी, सगळ्यांना गप्प उभं करून, अर्धा-एक मिनिट नुसती शांतता ध्वनिमुद्रित करावी. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते, आणि संकलनात दोन संवादांमधली फट बुजवायला हाच तुकडा लागतो. ध्वनिपातळीचा काटा मोठ्यात मोठ्या संवादाला उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघावं. बारीक आलेला आवाज वाढवता येतो. फाटलेला शिवता येत नाही. कुठेच जमलं नाही तर डबिंग आहे. हिंदी-मराठी सिनेमा कित्येक दशकं त्यावरच चालला. पण हौशी नटाला महिन्याभरानं आपलाच रडण्याचा प्रसंग कपाटाशेजारी उभं राहून पुन्हा बोलायला लावणं सोपं नाही.

प्रकाशाची गोष्ट थोडी आनंदाची, कारण त्यातला सगळ्यात मोठा दिवा फुकट आहे. 'राजा हरिश्चंद्र' सूर्यप्रकाशात चित्रित झाला आणि नटांच्या तोंडावर ऊन परतवण्यासाठी सरस्वतीबाई पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या. १९५६च्या 'अपराजितो'त सत्यजित राय यांना बनारसच्या घरातल्या चौकाचा सावलीचा, चहूबाजूंनी पाझरणारा उजेड स्टुडिओतल्या सेटवर हवा होता. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी सेटवर पांढरं कापड ताणलं, दिवे त्यावर मारले आणि कापडावरून परतलेला मऊ उजेड नटांवर पडू दिला. एक चादर, एक ताणलेलं कापड. पांढऱ्या मोठ्या पृष्ठभागावरून परतलेला उजेड मऊ असतो आणि चेहऱ्यावर कडक सावल्या टाकत नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र.

मुंबईच्या सेटवर या कामाला थर्माकोलची शीट वापरतात. महाराष्ट्रात २०१८च्या बंदीनंतर सजावटीचा थर्माकोल गेला, गणपतीच्या मखरांबरोबर ही शीटही दुर्मीळ होत चालली. बदली सामान मात्र गावोगावी आहे. फ्लेक्सच्या दुकानात मिळणारा पांढरा सनबोर्ड हलका, कडक आणि वर्षानुवर्षं टिकणारा. नेत्याच्या वाढदिवसाचा उतरवलेला फ्लेक्स मिळाला आणि त्याची पाठ पांढरी असली, तर तोही चालतो. छापील बाजू नटाकडे वळणार नाही एवढी काळजी घ्यावी. याउलट, पांढऱ्या भिंतींच्या खोलीत उजेड सगळीकडून उसळून चेहरा सपाट होतो. तिथे कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या एका बाजूला काळं कापड टांगावं. चेहऱ्याच्या त्या बाजूला सावली येते आणि नाक-गाल वेगळे दिसू लागतात.

खोलीत चित्रीकरण करताना आधी ट्यूबलाइट बंद करावी. नटाला खिडकीच्या बाजूला असं बसवावं की उजेड त्याच्या एका गालावर पडेल, आणि दुसऱ्या गालाच्या बाजूला सनबोर्ड धरावा. बहुतेक घरगुती प्रसंग एवढ्यावर निघतात. दिव्याचं एक गणित लक्षात ठेवावं: अंतर दुप्पट केलं की छोट्या दिव्याचा उजेड एक चतुर्थांश होतो. म्हणजे महाग दिवा आणण्याआधी आहे तो फूटभर पुढे सरकवून बघावा. भर दुपारचं ऊन डोळ्यांखाली खड्डे पाडतं. बारा ते तीन जेवण, तालीम किंवा सावलीतले प्रसंग ठेवावेत.

रात्रीच्या प्रसंगासाठी पांढऱ्या कागदाचा साधा, गोल आकाशकंदील घ्यावा. परदेशी सेटवर अशा कागदी गोळ्याला चायना बॉल म्हणतात आणि कित्येक वर्षं तो मऊ उजेडासाठी वापरला जातो. आपल्याकडे दिवाळीनंतर तो माळ्यावर पडून असतो. आत चांगला एलईडी बल्ब लावून काठीला टांगला की जेवणाच्या टेबलाचा प्रसंग उजळतो. बल्ब मात्र तपासून घ्यावा. फोनचा कॅमेरा त्यावर धरावा; चित्रात काळे पट्टे सरकताना दिसले तर तो बल्ब परत. पिवळा बल्ब, पांढरी ट्यूब आणि खिडकीतलं निळसर ऊन एकाच चेहऱ्यावर पडू देऊ नये. गालाचे तीन रंग होतात आणि ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरला एक करता येत नाहीत.

आता कॅमेरा. फोन चालेल, फक्त त्याला स्वतःच्या डोक्यानं चालू देऊ नये. फोनचा कॅमेरा दर क्षणाला उजेड, रंग आणि फोकस आपल्या मतानं बदलत असतो. पात्र खिडकीजवळून गेलं की सगळी खोली काळवंडते. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट अॅप आयफोनसाठी २०२३मध्ये आणि निवडक अँड्रॉइड फोनसाठी २०२४मध्ये आलं. त्यात हे तिन्ही कुलूपबंद करता येतात. तसं करावं आणि प्रसंग संपेपर्यंत उघडू नये.

फ्रेमचा वेग २५ आणि शटर १/५० ठेवावं. बहुतेक फोन मुळात ३० फ्रेमवर असतात आणि गोंधळ तिथूनच होतो. भारतातली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवे सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतात. १/५० सेकंद उघडणाऱ्या शटरला दरवेळी नेमके दोन ठोके मिळतात आणि चित्र स्थिर राहतं. १/६०ला हिशेब जुळत नाही, म्हणून ट्यूबलाइट लुकलुकते. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी हेच उलट करावं. तिथली वीज ६० हर्ट्झची, तिथे १/६०च बरं. उन्हात १/५०वर चित्र पांढरंफटक पडेल. त्यासाठी फोनच्या भिंगावर बसणारा गडद एनडी फिल्टर घ्यावा किंवा सावली गाठावी. पॉवर ग्रिडच्या या गणिताशी ज्याची एकदा गाठ पडली तो जन्मभर विसरत नाही, कारण ती बहुधा संकलनाच्या टेबलावर पडते.

फोनचं मुख्य भिंग वापरावं, म्हणजे पडद्यावर '१' लिहिलेलं. बाकीच्या भिंगांमागचे सेन्सर बहुतेक फोनमध्ये लहान असतात आणि कमी उजेडात चित्र खरखरीत करतात. जवळचा शॉट हवा तर पायांनी जवळ जावं. चेहरा गुळगुळीत करणारे फिल्टर बंद. पार्श्वभूमी खोटीखोटी धूसर करणारी सोय टाळावी. मोकळ्या केसांच्या कडेला ती हमखास फसते. आणि टेकआधी रुमालानं भिंग पुसावं. दिवसभर खिशात राहिलेल्या फोनच्या भिंगावर बोटांचं तेल असतं, आणि दिव्यांभोवती दिसणारं ते 'स्वप्नील' वलय बऱ्याचदा त्याचंच असतं.

खूप रात्र, खूप अंधार किंवा अगदी धूसर पार्श्वभूमी गोष्टीला खरोखर हवी असेल तरच कॅमेरा भाड्यानं आणावा. वर्षातून दोन लघुपट करणाऱ्यानं तो विकत घेण्यात अर्थ नाही. सहा महिन्यांत नवं मॉडेल निघतं. पैसे घालायचेच असतील तर ५० मिमी, एफ १.८चं स्वस्त भिंग घ्यावं. भाड्याची पेटी ताब्यात घेताना दुकानातच बॅटऱ्या, चार्जर, कार्ड आणि ट्रायपॉडची प्लेट मोजावी, भिंगावरचा ओरखडा मालकाला दाखवून फोटो काढून ठेवावा.

कॅमेरा हलवायची घाई नसावी. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' बघावा. लांबवर ठेवलेला स्थिर कॅमेरा आणि त्यासमोर निवांत उलगडणारे प्रसंग, एवढ्यावर तो उभा आहे, आणि राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेला आहे. तो पंचवीस हजारांचा चित्रपट नव्हे. तरी ट्रायपॉड न हलवणाऱ्याला त्यातून धीर येतो. ट्रायपॉड नसेल तर बाजरीची अर्धी भरलेली पिशवी कठड्यावर ठेवून त्यात कॅमेरा रुतवावा. चालायचंच असेल तर गुडघे वाकवून, टाच आधी टेकवत चालावं. ट्रायपॉडचा स्क्रू पाव इंची असतो. हार्डवेअरच्या दुकानातला तसा बोल्ट कॅमेऱ्याच्या बुडात अडकवून त्याला दोरी बांधावी आणि दुसरं टोक पायाखाली दाबून दोरी वर ताणावी. डुगडुगणं चांगलंच कमी होतं. नंतर आहेच हातगाडी, मालवाहू रिक्षा, मालेगावची सायकल.

फुटेजचा हिशेब आधी करावा. आयफोनवर फोर-के, २४ फ्रेमचं नेहमीचं चित्रण मिनिटाला साधारण १३५ एमबी खातं. २५ फ्रेमला थोडं जास्त. दहा मिनिटांच्या लघुपटासाठी आठपट काढलं तर ऐंशी मिनिटं, म्हणजे अकरा-बारा जीबी. हौसेनं प्रो-रेझ हा जड फॉरमॅट चालू केला की तेच मिनिटाला सहा जीबीच्या घरात जातं आणि ऐंशी मिनिटांचे होतात जवळजवळ पाचशे. रोज रात्री, कितीही दमलं तरी, दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवाव्यात आणि त्यातला एखादा शॉट मधूनच उघडून बघावा. मगच कार्ड कोरं करावं.

परवानगीबद्दल थोडक्यात. रायगड, शिवनेरीसारखे किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. तिथे ट्रायपॉड रोवण्याआधी लेखी विचारावं. रेल्वे स्थानकावर चोरून काढलेला शॉट नंतर महोत्सवात अडचण करू शकतो. घरमालक, दुकानदार आणि प्रत्येक नटाची एका कागदावर सही घ्यावी. आणि आवडतं जुनं गाणं पार्श्वभूमीला लावू नये. ते हक्काचं नसतं, आणि ऐन प्रदर्शनाच्या वेळी व्हिडिओवरून आवाज काढून टाकला जातो. गल्लीत हार्मोनियम वाजवणारं कुणी ना कुणी असतंच.

संकलनाला दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते. फोनच्या चित्रणात एक खोड असते. फ्रेमचा वेग आतल्या आत कमी-जास्त होतो, त्यामुळे सुरुवातीला जुळलेले ओठ पाच मिनिटांनी सुटतात. टाइमलाइनवर टाकण्याआधी हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून सगळे शॉट एकसारख्या वेगाचे करून घ्यावेत. पहिली जुळवणी झाली की एकदा पडद्याकडे पाठ करून नुसता आवाज ऐकावा आणि एकदा आवाज बंद करून नुसतं चित्र बघावं. पहिल्या खेपेला कळतं कुठला शब्द गेला. दुसऱ्या खेपेला कळतं कुठला प्रसंग नुसताच बोलत बसला आहे. मग युनिटमध्ये नसलेल्या तीन माणसांना दाखवावं. त्यांना मत विचारू नये, गोष्ट सांगायला सांगावी.

ती त्यांना नीट सांगता आली नाही तर दोनचार शॉट पुन्हा काढावे लागतात: दार उघडणारा हात, पत्र वाचणारे डोळे, जिन्यावरची रिकामी चप्पल. या पॅचवर्कसाठी एक रविवार आणि त्या ऐनवेळच्या दोन हजारांतले काही पैसे शिल्लक असावेत. चित्रीकरण संपलं की नट सगळ्यात आधी केस कापतात, त्यामुळे संकलनाची पहिली प्रत होईपर्यंत नायकाला दर तीन दिवसांनी फोन करून दाढी काढू नकोस म्हणून आठवण करत राहावं, आणि त्याचा झब्बा न धुता पिशवीत बांधून स्वतःच्या घरी ठेवावा.